बावीस टाके, त्यातले चार कामाचे

शिलाई मशीनच्या खोक्यावर बावीस टाक्यांची चित्रं आहेत. त्यात एक बदकांची रांग आहे. मशीन घेऊन सोळा महिने झाले. बदकं मी एकदाच काढली, तीही नातीने हट्ट केला म्हणून, तिच्या फ्रॉकच्या घेरावर. दुसऱ्या दिवशी तिला ससे हवे होते. ससे नाहीत.

हे मशीन म्हणजे हल्ली सगळीकडे दिसणारं पांढरं, प्लॅस्टिकच्या अंगाचं, टेबलावर ठेवायचं घरगुती विजेचं मशीन. जुलै २०२४ मध्ये गोव्यातल्या म्हापशाच्या दुकानातून १३,५०० रुपयांना घेतलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. वॉरंटीचे आठ महिने अजून बाकी आहेत आणि त्यांच्या मेकॅनिकशी माझं पुन्हा काम पडणार आहे. तसंही या किमतीच्या बहुतेक मशीनांचा आतला सांगाडा सारखाच असतो. मी म्हणतो त्यातलं निम्मं तरी तुम्ही घ्याल त्या मशीनला लागू पडेल.

माझं सांगायचं तर मी तीस वर्षं बसच्या सीटा शिवल्या. रेक्झिन, फोम, जाड नायलॉनचा दोरा, अर्ध्या हॉर्सपॉवरची क्लच मोटर. पायाने जरा जास्त दाबलं की मशीन बोटासकट शिवेल अशी भीती. निवृत्त झालो तेव्हा मुलगा म्हणाला, बाबा, आता मशीनला हात लावू नका. सहा महिने नाही लावला. मग सुनेने शिवणाची हौस म्हणून हे घेतलं, तिची हौस दोन उशांत संपली, आणि मशीन माझ्याकडे आलं. मागच्या पाटीवर लिहिलंय ८५ वॅट. पहिल्या दिवशी मला हसू आलं. आमच्या घरातला मिक्सर याच्यापेक्षा ताकदवान आहे.

हसलो ते थोडं चुकलंच.

पहिलं काम चवथीचं, म्हणजे गणेश चतुर्थीचं. पुण्याला विहीणबाईंकडे यंदा काय पाठवायचं हा आमच्या घरी दर वर्षीचा प्रश्न. काजू झाले, कोकम झालं, खाजं झालं. म्हटलं कुणबी चौकड्याच्या उशा पाठवू, सोळा इंची, चार. आम्ही थिवीचे, कोलवाळ शेजारीच. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिग्ज यांनी कुणबी साडीचा तो तांबडा-पांढरा चौकडा पुन्हा लोकांच्या नजरेत आणला. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२० मध्ये ते गेले. त्यांच्यामुळे चौकडा आता उशीवर आहे, पिशवीवर आहे, फ्रिजच्या मॅग्नेटवरसुद्धा आहे. आणि मागणी वाढली की जे होतं ते झालंच: छापील चौकडा बाजारात आला. घेताना कापड उलटं करून बघा. विणलेला चौकडा दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, छापील मागून फिका पडलेला असतो. दुकानदार हातमाग म्हणेल. तुम्ही काही बोलू नका, कापड फक्त उलटा.

दुसरं म्हणजे, कापड शिवण्याआधी धुवा. तांबडा रंग सुटतो की नाही हे ओल्या पांढऱ्या चिंधीने घासून बघायचं. सुती कापड आटतंही. न धुता उशी शिवली तर पहिल्या धुलाईनंतर ती उशी आपल्याच अभ्र्यात मावत नाही. विहीणबाईंच्या घरी ती वेळ येऊ द्यायची नाही.

चौकड्याचं खरं दुखणं शिवणीत. दोन तुकडे जोडताना रेषेला रेष मिळाली पाहिजे. मशीनचे खालचे दाते खालचं कापड ओढतात, वरचं कापड फुटाखाली (म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या मशीनच्या पायाखाली) घासत मागे राहतं. सोळा इंचांत माझ्या रेषा जवळजवळ एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, सरकल्या. सीटांवर हे कधी जाणवलं नव्हतं, कारण तिथल्या मशीनचा फूटही कापडासोबत चालायचा. या मशीनलाही तसा वॉकिंग फूट मिळतो, वेगळा घ्यावा लागतो, मला ७५० रुपयांना मिळाला. तो लावल्यावर रेषा बसल्या. ज्यांना तो खर्च नको त्यांनी प्रत्येक रेषेवर टाचणी लावावी. आमची आई असती तर तिने कच्ची टीप घालून घेतली असती आणि मला आळशी म्हटलं असतं.

आईचं मशीन अजून आहे. काळं, पायाचं, सोनेरी वेलबुट्टी अर्धी पुसलेली. त्याच्याविषयी पुढे येतंच.

चार टाके म्हणालो ते कुठले? सरळ, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग आणि काजं. हातमागाचं कापड कापलं की लगेच दोरे सुटायला लागतात. काळ्या मशीनवर एकच सरळ टाका, म्हणून आई कडा मुडपून दुहेरी शिवायची. झिगझॅगने ते काम एका फेरीत होतं. उशीच्या आतल्या शिवणी मी अर्धा इंच माया (शिवणीबाहेरचं जास्तीचं कापड) सोडून झिगझॅग करून टाकल्या, पुण्याहून अजून तक्रार नाही. फक्त फूट बदलायला विसरू नका. सरळ टाक्याचा अरुंद फूट ठेवून झिगझॅग लावलात तर सुई फुटावर आपटून तुटते. तीस वर्षांच्या अनुभवानंतर मी पहिल्या आठवड्यात हेच केलं.

आणि ज्यांनी ज्यांनी मला फोन करून सांगितलं की नवीन मशीन बिघडलंय, कापडाखाली दोऱ्याचा गुंता होतोय, त्या सगळ्यांना एकच उत्तर. खालचा गुंता बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यामुळे होतो. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर तो टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण राखणाऱ्या, चकत्यांमध्ये बसतच नाही. फूट वर करा, दोरा पूर्ण काढा, पुन्हा ओवा. आजवर पाच मशीनं मी फोनवर दुरुस्त केली आहेत. सुईचंही तसंच. घरगुती सुईच्या दांड्याला एक बाजू सपाट असते, समोरून बॉबिन (खालच्या दोऱ्याचं छोटं रीळ) घालायच्या मशीनमध्ये ती मागे जायला हवी. उलटी बसवली तर टाके गाळते आणि माणसं कंपनीला शिव्या घालतात.

दिवाळीला आकाशकंदील. आमच्या वाड्यावर पोरं नरकासुराचे पुतळे करण्याच्या मागे असतात, कंदिलाकडे बघायला कोणाला वेळ नसतो, त्यामुळे हे खातं म्हाताऱ्यांकडे. या वेळी कागदाऐवजी कापडाचे करून नातेवाइकांना द्यायचे ठरवले. सांगाडा नेहमीचाच: सहा चौकोन, आठ त्रिकोण, सगळ्यांची बाजू सारखी, म्हणजे चोवीस कामट्या. वरचा आणि खालचा चौकोन उघडा, बाकी चार चौकोन आणि आठ त्रिकोण कापडाचे. पातळ मलमल घेतली, आत एलईडीचा बल्ब. जुना पिवळा बल्ब कापडाच्या कंदिलात लावू नका, तो तापतो.

चौकोन झटपट झाले. त्रिकोणांनी मला दोन दिवस खेळवलं. तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण कापडावर कसाही ठेवा, फार तर एक बाजू उभ्या किंवा आडव्या धाग्यावर बसते, उरलेल्या दोन तिरक्या येतात. तिरका काप ताणला जातो. टीप मारता मारता त्याची कड लांबत गेली आणि कामट्यांना लावल्यावर कंदिलाला सुरकुत्या पडल्या. चांगल्या मशीनवर फुटाचा दाब कमी करता येतो, या मशीनला ती सोय नाही. पुढच्या कंदिलात कापण्याआधीच खुणेच्या आत सरळ टीप मारून घेतली आणि मग कापलं. कड ताणली नाही. कंदील सात झाले. आठवा, सुरकुत्यांचा, आमच्याच दारात लागला. पाहुण्यांना दिला असता तर कोणी काही म्हटलं नसतं, पण मला माहीत होतं ना.

पावसाबद्दल लिहिलं नाही तर हे लिहिणं गोव्याबाहेरच्या माणसाचं वाटेल. वर्षाचा जवळजवळ तीन हजार मिलिमीटर पाऊस आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, म्हणजे नेमकं चवथीचं शिवणकाम चालू असताना. पहिल्या पावसाळ्यात मशीनच्या सुईच्या दांड्यावर गंजाचे ठिपके आले, कापडाच्या घड्यांना बुरशीचा वास आला, आणि बॉबिन केस काढली तर आतल्या धुळीचा लगदा झालेला. मशीनसोबत येणारं प्लॅस्टिकचं आवरण पावसाळ्यात घालू नका, आत घाम धरतो. मी जुन्या धोतराचं सुती आवरण शिवलं. तेल मशीनचंच, पांढरं, पातळ. खोबरेल अजिबात नको. थिवीतली अर्धी मशीनं खोबरेलाने जाम झालेली मी उघडली आहेत, आत गोंद होतो गोंद. कपाटात पूर्वी बुरशी येऊ नये म्हणून कापडापासून लांब पिवळा बल्ब लावून ठेवायचे, ती पद्धत कापडाच्या साठ्याला अजूनही उपयोगी आहे. आणि वीज. पावसात ती जाणार, आणि ८५ वॅट असो की अर्धा हॉर्सपॉवर, त्या वेळी दोन्ही सारखेच. काळं मशीन तेव्हा कंदिलाच्या उजेडातही चालतं.

आता नाताळ. मला खरं लिहायचं होतं ते हेच.

आमच्या शेजारची आंटी पंचाहत्तरची. चवथीला आमच्याकडून तिच्याकडे नेवऱ्यांचं ताट जातं, नाताळात तिच्याकडून आमच्याकडे कुसवारचं येतं: दोदोल, कुलकुलं, बोलिन्हा, आणि हो, तिच्याही नेवऱ्या. ताट रिकामं परत करायचं नाही हा दोन्हीकडचा कायदा. तिच्या ताटावर नेहमी क्रोशेच्या कडेचा पांढरा रुमाल. लहानपणी आम्ही तो रुमाल आधी बघायचो, कडेवरून ओळखायचो की हे कोणाच्या घरचं. दोन वर्षांपूर्वी आंटीची बोटं संधिवाताने वळली आणि सुई थांबली. त्या नाताळात ताटावर पेपर नॅपकिन आला. मी काही बोललो नाही, तीही नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मशीन बघायला म्हणून ती आली आणि जाताना म्हणाली, थांब. घरून बिस्किटाचा डबा घेऊन आली. आत क्रोशेची लेस, वर्षानुवर्षं विणून ठेवलेली, थोडी पिवळी पडलेली, चौदा-पंधरा वार असेल. बारा घरी तिची ताटं जातात. बारा रुमाल.

लेस आधी कोमट पाण्यात साबणात भिजत घातली, चोळली नाही, पिळली नाही, टॉवेलवर पसरून सुकवली. रुमालाला पांढरं सुती कापड, तेही धुतलेलं. लेस ताणून लावायची नाही, कोपऱ्यावर थोडी ढिली सोडायची, नाहीतर रुमालाची वाटी होते. टाका झिगझॅग, रुंदी दोन, लांबी दीड, दोरा पातळ, सुई अकरा नंबरची. इथे मला हे मशीन पहिल्यांदा मनापासून आवडलं. असलं हलकं काम माझ्या जुन्या कारखान्यातल्या मशीनने कधीच केलं नसतं, लेस चावून टाकली असती. हे मशीन तिथे अगदी अलगद चालतं. पायाचा दाब थोडा-थोडा वाढवला की टाका टाका मोजत पुढे जातं. सात रुमाल झाले. आंटी रोज संध्याकाळी येऊन बघायची. सातव्याला म्हणाली, "हें तुवें शिंवलें म्हण कोण पात्येवचो ना." (हे तू शिवलंस यावर कोणी विश्वास ठेवणार नाही.)

आठव्या रुमालाच्या आधी मी मूर्खपणा केला. सुनेला गरम भांडी उतरवायच्या चौकोनी जाड पट्ट्या हव्या होत्या, ऑफिसातल्या मैत्रिणींना द्यायला. खोक्यावर लिहिलेलं होतं की मशीन जीन्स शिवतं. पट्टीत वर-खाली जुनी जीन्स, मध्ये जुन्या टॉवेलचे दोन थर. (मध्ये पॉलिस्टरचं वॅडिंग घालू नका, गरम कढईने ते वितळतं. सुतीच घाला.) सोळा नंबरची सुई लावली, सरळ शिवणीला मशीनने कुरकुर करत साथ दिली. कोपऱ्यावर जिथे मुडपलेली जीन्स चौपदरी झाली तिथे मोटर घुर्र करून अडली, मी हाताने चाक फिरवलं, सुई वाकली, खाली हुकवर आपटली, तुटली. नवी सुई लावली तर टाकाच पडेना.

काय झालं ते मला माहीत होतं. टायमिंग हललं. सुई खालच्या टोकाला जाऊन साधारण सव्वादोन मिलिमीटर वर आली की हुकचं टोक नेमकं सुईच्या भोकाच्या जरा वर पोचलं पाहिजे, तरच ते दोऱ्याचा फास पकडतं. दोन स्क्रू ढिले करून अर्ध्या तासात ते मी जागेवर आणलं असतं. पण मशीन उघडलं की वॉरंटी गेली असं पुस्तिकेत ठळक छापलेलं. मुलगा म्हणाला, उघडू नका. नाही उघडलं. तक्रार नोंदवली ती १७ डिसेंबरला. मेकॅनिक चार दिवसांनी आला, मशीन घेऊन गेला, आणि ते परत आलं तेव्हा नाताळ, नवं वर्ष सगळं उलटून गेलं होतं. एकूण एकोणीस दिवस. पैसे घेतले नाहीत हे खरं. जाता जाता तो पोरगा मला म्हणाला, काका, जाड शिवू नका. मी त्याला खोकं दाखवलं. तो म्हणाला, ते खोकं कंपनीने छापलंय, आम्ही नाही.

पाच रुमाल राहिले होते आणि हातात आठ दिवस. आईचं काळं मशीन पुसलं, पट्टा बदलला, तेल घातलं. त्याला झिगझॅग नाही. म्हणून लेस सरळ टाक्याने लावली, एकमेकींना लागून दोन ओळी. चोवीसच्या सकाळी बारा रुमाल आंटीला दिले. तिने सगळे टेबलावर मांडले, चष्मा लावला, बोटाने कड चाचपली आणि पाच बाजूला काढले. नेमके तेच पाच. मग हसली आणि परत मिसळून टाकले. आमच्या ताटावर आलेला रुमाल काळ्या मशीनचा होता, मी लगेच बघितलं.

ताटाबरोबर रुमालही परत जातो, त्यामुळे वर्षभरात त्यांची धुलाई झालीच. अकरा परत आले (बारावा कुठे आहे ते आंटीला माहीत आहे, सांगत नाही). झिगझॅगचे सातही जसेच्या तसे. सरळ टाक्याच्या पाचांपैकी परत आलेल्या चारांत लेस आक्रसून कड ओढली गेली, दोघांचा कोपऱ्यातला टाका तुटला. लेसला थोडं लवचीक धरणारा टाका लागतो, सरळ टाका तिला जखडून ठेवतो. म्हणजे माझं मत विचाराल तर काळ्या मशीनवर माझा जीव आहे, पण हे काम ८५ वॅटच्या पांढऱ्याचंच.

घ्यावं का? उशा, पडदे, पिशव्या, कंदील, रुमाल, नातीचे फ्रॉक एवढं असेल तर जरूर घ्या. गोधडी, जीन्स, रेक्झिन मनात असेल तर घेऊ नका. ते पैसे एखाद्या जुन्या पायाच्या मशीनवर आणि त्याच्या नव्या पट्ट्यावर घाला. दुकानदाराने फुकट म्हणून दिलेल्या सुया वापरू नका, आमच्या दोन पहिल्याच दिवशी बोथट निघाल्या. बावीस टाक्यांच्या पुढे बत्तीस टाक्यांचं मॉडेल चार हजार जास्त देऊन मिळतं, त्यात म्हणे ससे आहेत. नातीला कळू देऊ नका. पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा तारा त्या मेकॅनिक पोराचा, तो खरं बोलला.

आज नोव्हेंबरचा दुसरा शुक्रवार. आंटी सकाळी ते चार रुमाल देऊन गेली, लेस उसवून परत लावायची आहे. म्हापशाच्या बाजारातून पांढरा पातळ दोरा आणायचाय आणि अकरा नंबरच्या सुयांचं एक पाकीट.